आजोबांचा ग्रामोफोन किती ओरिजिनल? चावीच्या जुन्या मशीनचे पार्ट ओळखायचे कसे

सांगली-मिरजेत जुन्या ग्रामोफोनचा नाद असलेली माणसं बरीच आहेत आणि त्यांच्या फोनवर अधनंमधनं कुणाचा ना कुणाचा फोटो येऊन पडतोच, माळ्यावरनं काढलेलं धुळीनं माखलेलं मशीन आणि खाली एकच प्रश्न, ओरिजिनल आहे का. मलापण येतात. आता याला हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येत नाही, कारण ग्रामोफोन म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या वस्तूंची मोट असते. पेटी, पेटीतली मोटर, वरची फिरणारी थाळी, टोनआर्म, त्याच्या टोकाचा साउंडबॉक्स आणि कर्णा. यातलं प्रत्येक प्रकरण चार स्क्रू काढले की सुटतं आणि दुसऱ्या मशीनवर बसतं, नाही बसलं तर बसवलं जातं. त्यामुळं विचारायचं असं की यातला कुठला पार्ट कारखान्यातनं आलाय, कुठला मधल्या काळात कुणीतरी गरजेपोटी बदललाय आणि कुठला परवा-परवा विकायला म्हणून चढवलाय.

मधल्या काळात बदललेलं आपल्याकडं फार सापडतं. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी भारतात १९६० च्या दशकातसुद्धा निघत होत्या, खेड्यात लाइट नव्हती त्यामुळं चावीचं मशीन हेच सोयीचं, म्हणजे १९३० च्या सुमाराचं मशीन पुढं तीस-तीस वर्षं लग्नात, गणपतीत, जत्रेत चालत राहिलं. एवढं चाललेल्या मशीनची स्प्रिंग तुटणार, चावी हरवणार, साउंडबॉक्स पोरं पाडणार, आणि दुरुस्तीवाला त्याच्याकडं जे असेल ते बसवून देणार. असं मशीन मी तरी नकली म्हणत नाही. फक्त विकणाऱ्यानं ते 'जसंच्या तसं' म्हणून दुप्पट भावात गळ्यात मारू नये एवढंच.

पार्ट ओळखायच्या आधी मशीन चालतं कसं ते दोन मिनिटांत बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. चावी दिली की आतल्या डब्यात पोलादी पट्टी गुंडाळली जाते, तीच मेनस्प्रिंग, जुने लोक कमान म्हणतात. ती उलगडताना गिअर फिरवते आणि थाळी फिरते. पण नुसती सोडली तर ती भर्रकन उलगडेल, म्हणून गव्हर्नर असतो, पातळ पट्ट्यांवर लावलेली तीन छोटी वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यानं एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्याला घासते, वेग परत जाग्यावर, मिनिटाला ७८ फेऱ्या. वरती पिन रेकॉर्डच्या खाचेत थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला म्हणजे डायफ्रॅमला जाते, तिथं आवाज तयार होतो आणि टोनआर्ममधनं कर्ण्यात जाऊन मोठा होतो. संपलं. वीज नाही, रेडिओतले व्हॉल्व्ह नाहीत, काही नाही.

आता मुद्द्याचं. ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सगळे पार्ट एकत्र म्हातारे झालेत का हे बघणं. शंभर वर्षं एका जाग्यावर एकत्र राहिलेल्या पार्टांवर एकच धूळ, एकच ऊन, एकच ओल बसलेली असते. एखादा पार्ट नंतर आला असेल तर त्याचं वय वेगळं दिसतं, आणि तो आला त्याच्या आधी तिथं जे होतं त्याची सावली लाकडावर राहिलेली असते.

ही सावली बघायची कशी ते सांगतो. थाळी वर उचलून काढायची, बहुतेक मशीनमध्ये ती सरळ वर येते, नाही आली तर दोन्ही बाजूंनी समान जोर लावून हळूहळू, एका बाजूनं उचकटायची नाही, मधला दांडा वाकतो. खाली मोटर ज्या फळीवर टांगलेली असते ती फळी दिसेल. थाळीखाली झाकलेला भाग गडद, बाहेरचा फिका, मधे बरोब्बर गोल कड. ही कड थाळीच्या मापाची आहे का बघा. थाळी दहा इंची आणि सावली बारा इंची असेल तर थाळी बदललीय, वाद नाही. तसंच टोनआर्मच्या बुडाशी बघा. बुडाच्या चकतीच्या बाहेर अर्ध्या सुताची गडद रिंग डोकावत असेल तर तिथं आधी मोठ्या बुडाचा टोनआर्म होता. आणि भोकं! जास्तीची भोकं सगळ्यात जास्त बोलतात. मेण भरलेली, आगपेटीची काडी ठोकून बुजवलेली, लाकडाचा भुसा आणि गोंद भरून वर पॉलिश मारलेली. फळी उलटी करून खालनं बघितली की ती हमखास सापडतात, कारण वरनं बुजवणारा खालनं बुजवायचा कंटाळा करतो.

आपल्या भागात अजून एक खूण मिळते, ती दुसरीकडं मिळणार नाही. महापूर. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी ज्या घरात शिरलं त्या घरातली मशीनं पण बुडाली, आणि तो गाळ किती बारीक असतो ते सांगलीकराला सांगायला नको, घड्याळाच्या आतनं निघतो तो. पुरात बुडालेलं मशीन धुऊन-पुसून कितीही चकचकीत केलं तरी मोटरच्या बाजूच्या पत्र्यांच्या मधे, स्प्रिंगच्या डब्याच्या मागं, फळीच्या खालच्या कोपऱ्यात तो पिवळसर-तपकिरी थर बसलेला असतो. आता पेटीत गाळ आहे आणि मोटर स्वच्छ, जुन्या काळ्या ग्रीससकट स्वच्छ, तर मोटर नंतर आलीय. मोटरमध्ये गाळ आणि पेटी कोरी, तर पेटी नवी. दोन्हीकडं सारखाच गाळ असेल तर निदान पुराच्या आधीपासनं तरी ही जोडी एकत्र आहे. तेवढं तरी कळलं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवायची. यातल्या बहुतेक तपासण्यांनी जुनेपणा सिद्ध होत नाही, नवेपणा पकडता येतो. म्हणजे एखादी खूण 'चुकीची' निघाली तर पार्ट बदललाय हे नक्की, पण खूण 'बरोबर' निघाली म्हणजे पार्ट कारखान्यातलाच, असं नाही. हे नीट लक्षात न घेतल्यानं लोक फसतात.

स्क्रूचंच बघा. फुलीचा स्क्रू, ज्याला सगळे प्लसचा म्हणतात, तो हेन्री फिलिप्सच्या नावानं १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आला, आधी मोटारगाड्यांच्या कारखान्यात गेला आणि मग सगळीकडं पसरला. त्यामुळं १९१५ किंवा १९२५ च्या म्हणून दाखवलेल्या मशीनवर प्लसचा स्क्रू दिसला तर तो स्क्रू तरी नंतरचा, आणि त्यानं जे धरलंय त्याच्याकडं संशयानं बघायचं. पण सरळ चिरेचा स्क्रू दिसला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, तो आजही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. चिरेच्या स्क्रूमध्ये डोकं बघायचं. चीर चावलेली, कडा उडालेल्या, म्हणजे खूप वेळा उघडलाय. सगळे स्क्रू सारख्या डोक्याचे आणि एखादाच वेगळा, किंवा तीन काळपट आणि चौथा पिवळाधमक, हे पण बोलकं. आट्यांचं पण तसंच. इंग्लंडमधनं आलेल्या मशीनला इंची आटे असतात, त्यात आजचा मिलिमीटरचा स्क्रू दोन फेऱ्या जातो आणि अडकतो, मग कुणीतरी पान्यानं दाबून फिरवतो आणि भोकाची वाट लागते. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या जुन्या माणसाला नमुना दाखवून इंची आटे पाडून द्या म्हणलं तर तो पाडून देतो, त्यात काही रॉकेट सायन्स नाही.

आता एचएमव्हीच्या कुत्र्याकडं वळू (एचएमव्ही म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइस, लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा छाप), कारण नव्वद टक्के लोक कुत्रा बघून मशीन घेतात. तो कुत्रा म्हणजे निपर, चित्र काढलं फ्रान्सिस बरॉड नावाच्या इंग्रज चित्रकारानं. गंमत अशी की मूळ चित्रात कुत्र्यासमोर एडिसनचा सिलिंडरचा, म्हणजे चपट्या थाळीऐवजी नळकांड्यासारखी रेकॉर्ड वाजवणारा फोनोग्राफ होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये चित्र घेतलं ते या अटीवर की फोनोग्राफ पुसून आमचा ग्रामोफोन काढ, आणि बरॉडनं वरनं रंग मारून तो काढला. म्हणजे ज्या चित्रावरनं लोक ओरिजिनल ठरवतात त्या चित्रातलंच मशीन बदललेलं आहे! कंपनीच्या रेकॉर्डच्या लेबलवर हा कुत्रा १९०९ मध्ये आला, त्याच्या आधी लिहीत बसलेला देवदूत असायचा. त्यामुळं कुणी 'दीडशे वर्षांपूर्वीचा एचएमव्ही' म्हणून दाखवला तर नुसतं हसायचं, एडिसननंच पहिला फोनोग्राफ केला तो १८७७ मध्ये.

मशीनवरचा खरा कुत्रा म्हणजे ट्रान्सफर, पाण्यानं चिकटवायचं पातळ चित्र. त्याला हात लावला तर जाडी जाणवत नाही, जवळनं बघितलं तर बारीक तडे, आणि जिथं झाकण उघडताना बोटं लागतात तिथं झिजलेला. भिंग घेऊन बघा, चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचं दिसलं तर ते आजकालचं छापील स्टिकर. आणि पेटीवर मोठ्ठी उठावाची पितळी पाटी, त्यावर जाडजूड कुत्रा आणि गुबगुबीत अक्षरं असतील तर तिथंच थांबा. अशी पाटी सापडते ती बहुतेक वेळा नव्यानं बनवलेल्या शोपीसवर.

या शोपीसबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण पैसे इथंच बुडतात. मोठा चमकणारा पितळी कर्णा, अष्टकोनी नाहीतर कोरीव पेटी, वर छोटी थाळी. पुणे-बंगळुरू हायवेला साताऱ्याच्या अलीकडं-पलीकडं कुठल्याही 'वाडा' थीमच्या हॉटेलात काउंटरशेजारी असा एक उभा असतो. हे आपल्याच देशात बनतात, परदेशातसुद्धा जातात, आणि तिकडच्या जाणकारांनी त्याला चिडून नावं ठेवलीयत. शोपीस म्हणून घ्या की खुशाल, दिसायला झकास असतो. पण ओळखायचा कसा? आधी कर्णा. एचएमव्हीच्या बाहेरच्या कर्ण्याच्या मशीनवर रंगवलेला पोलादी पत्र्याचा कर्णा असायचा, भोपळ्याच्या फुलासारखा पाकळ्यापाकळ्यांचा, किंवा भारी मॉडेलला लाकडाचा. अगदी सुरुवातीच्या छोट्या मशीनवर पितळ दिसतं, पण हा असा भला थोरला नुसता पितळी भोंगा नाही. साधं लोहचुंबक लावा, रंगाखाली पोलाद असेल तर चिकटेल, पितळेला चिकटणार नाही. मग सांधे बघा. जुन्या कर्ण्यात पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून दाबलेल्या असतात, रेघ सरळ आणि सारखी. नव्यात झाळ मारलेली, आतनं हात फिरवला की गाठी लागतात.

मग मागचा ब्रॅकेट, ज्याच्यावर कर्णा आणि टोनआर्म दोन्ही तोलतात. खऱ्यात तो जड बिडाचा असतो, टोनआर्म त्यात अलगद डावीउजवीकडं फिरतो, बोटानं ढकलला तर कुरकुरत नाही आणि डगमगत पण नाही. शोपीसवर हलका पितळेचा ओतीव तुकडा, पातळ प्लायवर दोन स्क्रूवर उभा, कर्ण्याला धक्का दिला की सगळं लडबडतं. टोनआर्म साउंडबॉक्सकडं अरुंद आणि कर्ण्याकडं रुंद होत जायला पाहिजे, ती सलग वाढत जाणारी जाडी म्हणजेच अर्धा कर्णा असतो. एकाच जाडीची नळी दिसली की समजायचं.

आणि सगळ्यात फसवा भाग म्हणजे शोपीसच्या आतली मोटर बऱ्याचदा खरी जुनी असते. एखादा चांगला पोर्टेबल मोडून त्याची मोटर, थाळी आणि चावी नव्या खोक्यात घातलेली. विकणारा पेटी उघडून मोटरवरचं नाव दाखवतो, गिऱ्हाईक खूश. जुनी मोटर दाखवून पूर्ण मशीन जुनं ठरवायचं हा जुनाच धंदा. मला याचा राग एवढ्यासाठी येतो की त्याच्यासाठी एक धड चालणारं मशीन मारलेलं असतं.

पोर्टेबल म्हणजे सुटकेससारखे, काळ्या रेक्झिनचे, आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त सापडतात ते हेच. एचएमव्हीचं १०१ मॉडेल १९२५ चं आणि १०२ हे १९३१ चं, १०२ तर पुढं पंचवीसेक वर्षं बनत राहिलं त्यामुळं ढिगानं आहेत. दोन्हीत कर्णा पेटीच्या आतच असतो. यात पहिल्यांदा रेक्झिन बघायचं, आणि रेक्झिन बघायचं म्हणजे बिजागरी बघायची. कारखान्यात आधी रेक्झिन चिकटवलं आणि मग वरनं बिजागऱ्या, कुलपं, कोपऱ्याच्या पत्र्या ठोकल्या, म्हणजे रेक्झिन त्यांच्या खालनं जातं. नंतर कुणी नवीन चढवलं असेल तर बहुतेक वेळा बिजागरी न काढता तिच्या भोवतीनं कापून बसवलेलं असतं, कडेला ब्लेडची रेघ दिसते, कुठंकुठं कापड आखूड पडून लाकूड डोकावतं. रिबेटच्या जागी स्क्रू आले असतील तर कुलूप बदललंय. झाकणाच्या आत चावी अडकवायची क्लिप असते, ती नसेल तर तिच्या जाग्यावर दोन भोकं आणि सावली तरी पाहिजे.

आता साउंडबॉक्स. आवाज चांगला की वाईट हे निम्मं याच्यावर आणि बदललेला पण सगळ्यात जास्त हाच सापडतो, कारण थोडा फिरवून ओढला की हातात येतो, ना स्क्रू ना काही. एचएमव्हीच्या जुन्या कर्ण्याच्या मशीनवर 'एक्झिबिशन' नावाचा, अभ्रकाच्या डायफ्रॅमचा. १०१ वर बहुतेक नंबर ४ चा, तोपण अभ्रकाचा. १०२ वर सुरुवातीला १६ नंबर, पुढं ५ए आणि ५बी, यात अभ्रकाऐवजी ॲल्युमिनियमचा पातळ दाबलेला पडदा. हा बदल उगीच झाला नाही. १९२५ पर्यंत गाणारा थेट भोंग्यात गायचा, त्यानंतर मायक्रोफोननं रेकॉर्डिंग सुरू झालं, रेकॉर्डवर खालचे आणि वरचे सूर जास्त यायला लागले आणि जुन्या साउंडबॉक्सला ते पेलेनात. त्यामुळं त्या काळातच बऱ्याच जणांनी जुनं मशीन तसंच ठेवून साउंडबॉक्स नवा घेतला. असा १९१२ च्या मशीनवरचा नंबर ४ कारखान्यातला नाही हे खरं, पण आजोबांनी स्वतः दुकानात जाऊन घेतलेला असू शकतो, आणि मी असला तर तो काढून टाका असं कुणाला सांगणार नाही. मिरजेत १९३७ पर्यंत गायक अब्दुल करीम खाँसाहेब होते, त्यांच्या ओडियन कंपनीच्या रेकॉर्डी १९३० च्या दशकातल्या, त्या एक्झिबिशनवर लावून बघा आणि मग ५ए वर लावून बघा, लोक पैसे खर्च करून साउंडबॉक्स का बदलत होते ते कानाला कळेल.

अभ्रकाचा पडदा खरा की नंतरचा हे ओळखणं सोपं आहे. अभ्रक थरांचं असतं, जुन्या पडद्याच्या कडेला थर सुटून चंदेरी ढगासारखे डाग पडतात, उजेडात तिरकं धरलं की बारीक रेघा दिसतात. दुरुस्तीवाल्यानं बसवलेली प्लॅस्टिकची शीट असेल तर ती एकसारखी, किंचित पिवळी, आणि आवाज बसका येतो. (अभ्रक तेव्हा जगाला मोठ्या प्रमाणात भारतातनंच जायचं आणि रेकॉर्डीतली लाखपण, ते एक असो.) पडद्याच्या मधोमध जिथं पिनेची दांडी येऊन जुळते तिथं कारखान्यात मेणाचा थेंब लावलेला असायचा. तिथं एम-सीलचा गोळा दिसला की दुरुस्ती. पडद्याभोवती रबराचं गॅस्केट असतं, ते इतक्या वर्षांत दगड होतं, होणारच, मऊ असेल तर बदललेलं आहे आणि ते चांगलंच आहे. सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब कापून बसवलेली पण मिळते, आणि खरं सांगायचं तर ती बरी चालते. नकली एक्झिबिशन साउंडबॉक्स पण बाजारात भरपूर आहेत, त्यांची अक्षरं बघा, खऱ्यात कडा धारदार, नकलीत साच्यावरनं साचा काढल्यानं बुजलेल्या.

साउंडबॉक्स ओढताना एक सावध राहायचं. त्या काळात बरेच पार्ट जस्ताच्या मिश्रधातूचे ओतायचे, त्या जस्तात शिसं वगैरे मिसळलेलं असेल तर ते आतनंच सडत जातं, फुगतं, तडकतं आणि एक दिवस हातात भुगा येतो. ओल असली की अजून लवकर. साउंडबॉक्सची मागची बाजू, टोनआर्मचं बुड, या जागी अशा जाळीदार भेगा दिसल्या तर जोर लावायचा नाही. अशी भेग म्हणजे जुनेपणाची चांगली खूण, पण म्हणून ती असलीच पाहिजे असं नाही.

मुलाम्याबद्दल थोडक्यात. निकल किंचित पिवळट उबदार दिसतं, क्रोम निळसर थंड, शेजारी स्टीलचा नवा चमचा धरला की फरक कळतो. क्रोम बाजारात रुळलं ते १९२० च्या दशकाच्या शेवटी, त्यामुळं त्याच्या आधीच्या मशीनवर क्रोमचा टोनआर्म म्हणजे एकतर बदललाय नाहीतर मुलामा नव्यानं चढवलाय. आणि झीज हाताच्या जागी असायला पाहिजे: ब्रेकचा खटका, चावीची मूठ, पिन कसायचा छोटा स्क्रू, कारण रेकॉर्डच्या एका बाजूला एक पिन म्हणलं तर तो स्क्रू हजारो वेळा फिरलेला असतो. सगळीकडं सारखाच काळपटपणा, कानाकोपऱ्यात पण आणि मुठीवर पण, असं असेल तर कुणीतरी केमिकल लावून 'जुनं' केलंय. चावी झिजून गुळगुळीत आणि चावीच्या भोकाभोवतीच्या पेटीवर एक ओरखडा नाही, हे पण जुळत नाही.

लाकडाचं काम कळत नसेल तर मिरजेतल्या तंतुवाद्याच्या कारागिराला पेटी दाखवावी, सतार-तंबोऱ्याला लाखेचं पॉलिश करणारा माणूस बोट फिरवून सांगतो. घरी करायचं तर मागच्या बाजूला खाली, जिथं दिसत नाही तिथं, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन घासा. लाख असेल तर चिकट होऊन बोळ्यावर चहाचा रंग येतो. काहीच झालं नाही तर वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा थर आहे, म्हणजे पॉलिश नवं. पण लाख निघाली म्हणून जुनं असंही नाही, लाखेचं पॉलिश मारणारे अजून आहेत की. सांध्यात बघा, जुन्या पेटीत सरस असतो, मधासारखा पिवळा आणि नखानं टोकरला की काचेसारखा उडणारा. पांढरट रबरी फेव्हिकॉल दिसला तर सांधा नंतर जोडलाय. पुरात बुडालेल्या पेट्यांचा सरस विरघळतो म्हणून त्या हमखास फेव्हिकॉलनं जोडलेल्या असतात, त्याला नाक मुरडू नये.

मोटरवर एचएमव्हीऐवजी गॅरार्ड, कोलारो, थोरेन्स, पेयार्ड असं काही नाव दिसलं तर लगेच बदलली म्हणून ओरडू नका. हे मोटर बनवणारेच होते, पहिले दोन इंग्लंडचे, बाकीचे स्वित्झर्लंडचे, आणि त्यांच्या मोटरी घेऊन शेकडो छोटे लोक स्वतःच्या पेट्यांत बसवून विकायचे, आपल्याकडंही सागाच्या पेट्या करून अशी मशीनं विकली गेली. अशा मशीनला थोरेन्सची मोटर हीच ओरिजिनल. फक्त पेटीवर एचएमव्ही आणि आत दुसरंच, असं असेल तर फळीखालची भोकं मोजायला घ्या. स्प्रिंग मात्र मी हिशोबातच धरत नाही, ती तुटते, बदलते, ग्रीसही बदलायचंच असतं.

पाटीवरच्या तारखांनी पण लोक गंडतात, खासकरून अमेरिकन मशीनच्या. एडिसनच्या किंवा व्हिक्टरच्या पाटीवर तारखांची रांग असते ती पेटंटच्या तारखांची. मशीन त्यातल्या शेवटच्या तारखेनंतर कधीतरी बनलं एवढाच तिचा अर्थ. एडिसनचे सिलिंडरचे फोनोग्राफ आपल्याकडं कमी दिसतात, पण सापडला तर एवढं बघा: साउंडबॉक्सच्या जागी असतो त्या रिप्रोड्युसरवर अक्षर असतं, सी म्हणजे दोन मिनिटांच्या सिलिंडरसाठी, एच म्हणजे १९०८ नंतरच्या चार मिनिटांच्या. दोन मिनिटांच्या जुन्या मशीनवर चार मिनिटांचे गिअर दिसले तर तो घोटाळा समजू नका, ते जोडकाम एडिसनची कंपनीच विकत होती.

घ्यायला जाल तेव्हा बॅटरी, भिंग, लोहचुंबक, चिरेचा चांगला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर एवढं खिशात पुरे. विकणारा मोटरची फळी उचलू देत नसेल तर भाव पेटीचा करा, मशीनचा नाही. चावी दिल्यावर ती उलटी फिरवू नका, बऱ्याच चाव्या आट्यांच्या असतात, उलट फिरवलं की निघून हातात येतात. आणि घरी आणल्यावर पहिल्या उत्साहात बफिंगला नेऊ नका, बफिंगच्या चाकाखाली साउंडबॉक्सवरची अक्षरं गेली की मग कुणीच काही सांगू शकत नाही. जे काढाल ते, तुटकं गॅस्केट असो, गंजलेला स्क्रू असो, पिशवीत घालून चिठ्ठी लिहून त्याच मशीनच्या पेटीत ठेवा, पुढं ज्याच्याकडं जाईल त्याला भोकं मोजत बसायला लागणार नाही.